दिले आणि ठेवले

माझ्या घरमालकांचं कोणाशी भांडण झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते तह लिहून आणत. तोंडी तहावर त्यांचा विश्वास नव्हता. कागदावरही नव्हता. त्यांना लागायचं ट्रेसिंगचं कापड. नकाशे ज्यावर गिरवतात ते हे कापड. निळसर, खळ देऊन कडक केलेलं, खालची रेघ वर दिसेल इतकं पारदर्शक. मोजणी खात्यात उभा जन्म नकाशे गिरवून ते निवृत्त झाले होते आणि येताना रद्द झालेल्या नकाशांचा एक गठ्ठा घरी घेऊन आले होते. त्यातला वीतभर तुकडा कापायचा, मधोमध उभी रेघ ओढायची, डावीकडे 'दिले' आणि उजवीकडे 'ठेवले' असं लिहायचं, खाली दोन सह्यांना जागा सोडायची. अक्षर नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं, सरळ आणि बारीक.

सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांच्या पत्नीला अक्का. तीनशे वर्षांमागे महाराजांच्या वडिलांबरोबर बंगळुरात आलेल्यांपैकी त्यांचं घराणं. घरात मराठी बोलत, पण दोन वाक्यांमागे एक कानडी शब्द आलाच. मी बेळगावकडचा. सीमेच्या चळवळीत माझे वडील पत्रकं लिहीत, आई ती घडी घालत असे आणि मी त्यांच्या गठ्ठ्यांवर झोपत असे. धुळाक्षरं मी पाटीवर नाही, पत्रकांवर गिरवली. त्यामुळे मला लहानपणापासून ठाऊक होतं की जगात दोनच गोष्टी असतात, न्याय आणि अन्याय, आणि त्यांच्या मध्ये उद्गारचिन्ह असतं. असा मी कारखान्यात कारकुनाची नोकरी मिळून राजाजीनगरात आलो आणि अण्णांच्या मागच्या खोलीत राहू लागलो.

पहिल्याच महिन्यात माझा त्यांच्याशी तह झाला. मी बातम्या ऐकताना रेडिओवर ओरडत असे. म्हणजे बातमी देणाऱ्यावर. अण्णांनी कापड आणलं. त्यांनी दिलं होतं: पुढचा अर्धा व्हरांडा, संध्याकाळी बसायला, आणि कॉफी. ठेवलं होतं: दुपारची झोप. मी द्यायचं होतं: साडेआठच्या बातम्यांच्या वेळचं ओरडणं. ठेवायचं होतं: रविवारचं ओरडणं.

"रविवारी ओरडू देता?" मी विचारलं.

"समोरच्याकडं स्वल्प काही उरलं पाहिजे रे. सगळं काढून घेतलंस तर तो तह कशाला पाळेल?"

मी हसत सही केली. मला वाटलं, म्हाताऱ्याचा खेळ आहे.

या खेळाला नियम होते. 'दिले' खालची जागा कोणाचीही रिकामी ठेवायची नाही, हा पहिला. सही दोघांनी एकमेकांसमोर करायची, हा दुसरा. अण्णा म्हणत, "तहाला दोघं जिवंत लागतात. एक मेला तर त्याला जय म्हणतात, तह नाही." तिसरा नियम अक्कांचा होता. तह वर्षभर पाळला गेला, त्याची कोणाला आठवणही राहिली नाही, की ते कापड त्या गरम पाण्यात भिजवत. खळ निघून जाई, शाई बरीचशी उतरे आणि आत दडलेलं मऊसूत तलम कापड वर येई. त्याला शिवण घालून त्या रुमाल करत. नकाशे काढणाऱ्यांच्या घरांत ही जुनी रीत होती. अक्कांच्या मुलाची बाळपणीची झबली एका अख्ख्या तालुक्याच्या धुतलेल्या नकाशातून निघाली होती. अण्णांच्या खिशात नेहमी एखादा मिटलेला तंटा असे. त्याला ते नाक पुसत.

जे तह अजून चालू होते ते नकाशाच्या पत्र्याच्या नळकांडीत गुंडाळून ठेवलेले असत. दूधवाल्याशी केलेला तह मी वाचला आहे. दिले: सहाच्या ठोक्याला येण्याचा आग्रह. ठेवले: गाय दारात आणून समोर धार काढणे. सर्वांत मोठा तह शेजारच्या पोस्टमास्तरांशी झालेला. त्यांनी कुंपणाची भिंत तीन फूट अलीकडे बांधायला घेतली होती. मोजणी खात्यातल्या माणसाची हद्द ढकलली! दगड कुठे होता हे अण्णा डोळे मिटून सांगू शकत होते. गल्लीला वाटलं, आता कोर्ट. अण्णांनी तीन फूट देऊन टाकले. त्या पट्ट्यात अक्कांचं कढीपत्त्याचं झाड होतं, तेही गेलं. उजवीकडे एवढंच लिहिलं होतं: भिंतीत एक वीट लावायची नाही.

त्या विटेच्या भोकातून अक्का रोज हात घालून कढीपत्ता तोडत. पलीकडून पोस्टमास्तरांची बायको त्याच भोकातून डोसे देई. मी आलो तेव्हा त्या भोकापाशी दोघी बायका दिवसातून तीनदा कानडीत बोलत बसलेल्या असत.

"तीन फूट जमीन दिलीत आणि मिळालं काय, एक भोक!" मी चिडवायचो.

"अय्यो, ते भोक केवढ्याला पडलंय तुला काय ठाऊक," अण्णा म्हणत. "भिंतीला तीन फूट लागले. भोकाला भांडण मिटवावं लागलं."

तरुणपणी दोन संस्थानांच्या हद्दीवर दगड रोवणाऱ्या तुकडीबरोबर ते गेले होते. दोन्हीकडचे अधिकारी एका टेकडीसाठी हटून बसलेले. नकाशात तिला नाव होतं. खालच्या ओढ्याला नाव नव्हतं. अण्णा तंबूत बसून गिरवत होते आणि त्यांना दिसत होतं, की दोन्हीकडच्या बायका पाण्याला त्या ओढ्यावरच येतात. टेकडीवर कोणी जात नाही. त्यांनी धीर करून आपल्या साहेबाला सांगितलं: टेकडी द्या, ओढा मागा. साहेबाने टेकडीच घेतली आणि बढती मिळवली. "नाव असलेली जागा द्यावी, पाणी असलेली ठेवावी," हे वाक्य अण्णांनी तिथून आणलं. जगात कुठेही लढाई थांबली, की ते वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन माझ्या खोलीत यायचे. कोण जिंकलं हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. "कोणी काय ठेवलं? ते छापत नाहीत बघ. काय दिलं तेवढंच मोठ्या अक्षरात."

गावातल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं असे आणि विषयही ठरलेला. इतर वक्ते स्वाऱ्या सांगत. अण्णा पुरंदरचा तह सांगत. काळा कोट, गोल टोपी, कानावर पेन्सिल, असे ते उभे राहत आणि समोरच्या मुलांना विचारत, "महाराजांनी किल्ले किती दिले?"

"तेवीस!" सभागृह दणाणायचं.

"ठेवले किती?"

एखादाच हुशार मुलगा म्हणायचा, "बारा."

"सांग पाहू नावं."

राजगड यायचा, रायगड यायचा. पुढे गाडी अडायची. मग अण्णा एका दमात बाराही म्हणायचे, मारुतीस्तोत्र म्हणावं तसे. "दिलेल्याचं रडगाणं पाठ आणि ठेवलेल्याचं नाव ठाऊक नाही. अशानं तह करता येत नाही, बाबांनो." एवढं बोलून खाली बसायचे. लोक घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवायचे. मी दरवर्षी मनात म्हणायचो, या माणसाला पराभवाचं वेड आहे.

त्यांना एकच मुलगा, मुकुंद. फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होता. सुटीत आला की माझ्या खोलीत झोपे. माझ्या रेडिओची तार त्यानेच कढीपत्त्याच्या झाडावर नेऊन बांधली, पोस्टमास्तरांशी रीतसर तह करून. बापासारखाच कमी बोले. पण कुठून कुठे आवाज कसा पोचतो हे सांगायला लागला की थांबत नसे. एकदा मी त्याला माझं एक पत्रक वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "जोर आहे. पण समोरून उत्तर यायला जागाच ठेवली नाहीस तू."

पासष्टच्या लढाईत सप्टेंबरात त्याची पत्रं थांबली. बेपत्ता, अशी तार आली. ऑक्टोबर गेला. मग एक छापील कार्ड आलं, युद्धकैद्यांना देतात तसलं, त्यावर पेन्सिलीने दोन ओळी: मी बरा आहे. स्वेटर मिळाला. अक्कांनी ते कार्ड कॉफीपुडीच्या डब्यात ठेवलं. रोज संध्याकाळी कॉफी करायच्या आधी त्या ते काढत, वाचत, झटकून परत ठेवत. नंतर कार्डाला असा कॉफीचा वास लागला की दुरून कळे. अण्णा आमच्या व्हरांड्यात बसून कॉफी पीत आणि लढाईबद्दल अवाक्षर काढत नसत. वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन येणंही बंद झालं होतं.

जानेवारीत करार झाला. दोन्ही फौजांनी आपापल्या जुन्या जागी परत जायचं. आपल्या जवानांनी चढून घेतलेली ती खिंड परत द्यायची. कैदी परत करायचे. रेडिओवर ऐकलं तेव्हा रविवार नव्हता, तरी मी ओरडलो. अण्णा पुढच्या खोलीत होते. तह मी मोडला होता.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. 'एक इंचही नाही!' नागरी खिळे असलेला एक छापखाना शोधला. तिथे मुंजीच्या पत्रिका आणि पूजेच्या पोथ्या छापत. माझं पत्रकही त्यांनी चारही बाजूंनी वेलबुट्टी घालून छापलं. राजाजीनगरच्या विजेच्या खांबांवर मी ते स्वतः खळीने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्मी फाडलेली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारलं तर तो तावातावाने म्हणाला, "हिंदी, सार! इथं हिंदी नको." ते दिवस हिंदीविरोधी आंदोलनाचे होते. मी त्याला समजावू लागलो की ही हिंदी नव्हे, मराठी आहे. तो म्हणाला, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि पंक्चर काढायला बसला. ज्या शहरात माझी भाषा मोजून चाळीस-पन्नास घरांत वाचली जात होती, तिथे मी अखिल राष्ट्राला हाक मारत होतो.

पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ते पत्रक वाचणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे.

संध्याकाळी मी व्हरांड्यात बसलो होतो. अक्का कॉफी घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या आत गेल्या नाहीत. कमरेला खोचलेलं पत्रक त्यांनी काढलं. खांबावरून सोडवलेलं, मागे अजून ओली खळ.

"हे तू लिहिलंस?"

"हो, अक्का."

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलीसारखं अक्षर अक्षर लावून वाचलं: "'जिवंत हाती लागलेल्या शिपायासाठी जिंकलेली भूमी सोडणे हा मेलेल्या शिपायांचा अपमान आहे.' जिवंत हाती लागलेला म्हणजे आमचा मुकुंदच ना रे?"

"अक्का, हा व्यक्तीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "सरी. कॉफी निवली तुझी."

ते वाक्य लिहिताना मला मुकुंद आठवला नव्हता, असं मी म्हणणार नाही. आठवला होता. म्हणूनच ते वाक्य मला जास्त तेजस्वी वाटलं होतं. स्वतःच्या मित्रालाही सूट न देणारं. तत्त्व म्हणजे हेच, अशी माझी तेव्हा खात्री होती.

रविवारी मंडळात निषेधाची सभा झाली. अण्णा वयाने मोठे म्हणून अध्यक्ष. सरकारला पाठवायचा ठराव मी मांडला. दहा मिनिटं बोललो, चांगलं बोललो, मला माझा आवाज अजून आठवतो. मग कोणीतरी म्हणालं, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. अण्णा उठले. टोपी नीट केली.

"ठरावाला माझी सही नाही," ते म्हणाले. "खिंड द्यावी."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणी ओरडलं, "अण्णा, हे तुमचं कुंपण नव्हे!" हशा झाला.

मी उभा राहिलो. "अण्णा, तुम्ही आम्हाला दरवर्षी पुरंदर सांगता. पण महाराजांनी गेलेले किल्ले परत घेतले. ही खिंड परत कोण घेणार?"

टाळ्या पडल्या. अण्णांनी त्या थांबू दिल्या. "घेतले ना. पण कधी? महाराज आग्र्याहून सुटून आले, त्याच्यानंतर. आधी माणूस परत आला, बाबा. किल्ले मागनं आले."

मला ते उत्तर आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच मी भडकलो. उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. तेव्हाही चढवला.

"म्हणजे सरळ सांगा ना! तुमचा मुलगा परत हवा म्हणून देशाची खिंड द्यायची!"

अण्णा माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. कुठली रेघ कुठे वळते ते बघावं तसे.

"होय," ते म्हणाले. "आणखी कशासाठी देतात?"

मी ज्याची तयारी केली होती ते हे नव्हे. मला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील, राष्ट्र, शांतता असे शब्द वापरतील. त्या शब्दांना माझ्याकडे उत्तरं होती. त्यांनी फक्त होय म्हटलं. "त्यांच्याकडच्या आयांनाही त्यांची पोरं हवीत," ते म्हणाले, "आणि आपण घेतलंय ते त्यांना हवं, त्यांनी घेतलंय ते आपल्याला. याच्यापलीकडं तहात काही नसतं. असलं तर मला पस्तीस वर्षांत दिसलं नाही." आणि खाली बसले.

ठराव तीन हात सोडून सगळ्यांनी मंजूर केला. दुसरा ठरावही लगेच आला, मी नाही मांडला पण हात वर केला: अशी मतं असलेल्या व्यक्तीने मंडळाच्या अध्यक्षपदी राहू नये. अण्णांनी स्वतःच तो वाचून दाखवला, बाजूने किती ते मोजलं, खुर्चीवरून उठले आणि दुसऱ्या रांगेत, माझ्या मागच्या खुर्चीवर येऊन बसले. घरी येताना आम्ही एकाच बसमध्ये होतो. ते पुढे, मी मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात. हातात कापडाचा तुकडा. नेहमीसारखं आत येऊन खाटेवर बसले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वाच," ते म्हणाले.

त्यांच्या बाजूला 'दिले' खाली तीन कलमं होती. मंडळाची खुर्ची. शिवजयंतीचे भाषण. खिंडीवरून तुझ्याशी वाद घालण्याचा हक्क. 'ठेवले' खाली एक: संध्याकाळची कॉफी, दोघांची. खाली माझी बाजू होती. मी ठेवायचं: सगळे पत्रक, सगळी मते. मी द्यायचं: एक वाक्य.

कुठलं ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

"आपल्या पत्रकावर एक चिठ्ठी चिकटव, की एवढं वाक्य मागं घेतो," ते म्हणाले. "खांबांवर नको. खांबांवर कोण वाचतंय? आत जाऊन अक्काकडं आहे त्या एका प्रतीवर चिकटव. बास."

"अण्णा, वाक्य मागे घेतलं तर पत्रकाला अर्थ काय उरतो?"

"बाकीचं सगळं उरतं की. मी हात लावला का त्याला?"

"एक वाक्य आज, उद्या दुसरं. एकदा मागे सरलं की सरणं थांबत नाही. मी एक शब्दही मागे घेणार नाही."

"स्वल्प विचार कर."

"विचार करूनच लिहिलंय."

अण्णांनी कापड माझ्या हातातून घेतलं. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी आपल्या बाजूला सही केली. माझी जागा तशीच ठेवली. "सरी," ते म्हणाले. "मी नळकांडीत ठेवतो. कधीही ये."

मी त्याच आठवड्यात खोली सोडली. तत्त्वाने वागणारा माणूस विरोधकाच्या घरात कसा राहील? निघताना अक्का भोकापाशी पोस्टमास्तरांच्या बायकोशी बोलत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी हातातली कढीपत्त्याची डहाळी वर केली, ये म्हणाल्या. नेहमी म्हणत तसंच.

मुकुंद परत आला, हे मला मंडळात कळलं. मी भेटायला गेलो नाही. उन्हाळ्यात मार्केटच्या बसथांब्यावर तो मला दिसला, मला चुकवता येईल इतक्या अंतरावर. मी वळलोही होतो. त्यानेच हाक मारली. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मान तिरपी करून बोलत होता. आवाज कुठून कुठे पोचतो ते मला सांगणारा हा.

"पत्रक वाचलं तुझं," तो म्हणाला. "अक्कानं ठेवलंय. भाषा चांगली आहे."

मी रस्त्यावर बस दिसते का ते बघू लागलो.

"रेडिओ चालतो का? तुझी तार अजून झाडावरच आहे. घेऊन जा केव्हातरी."

बस आली आणि तो गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी राजाजीनगरच्या बसमध्ये बसलो होतो. दोन थांबे आधी उतरलो. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले याचा पत्ता नाही. तेव्हा मला वाटायचं की अण्णांसमोर उभं राहायला कारण हवं, नवं काही लिहून झालेलं हवं, निदान त्यांचं चुकलं असं जगात कुठे तरी सिद्ध झालेलं हवं. सही करायला एवढं काहीच लागत नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अण्णा गेले. मला कळलं तेव्हा बारा दिवस होऊन गेले होते. मी गेलो. व्हरांड्यात त्याच दोन लोखंडी खुर्च्या. भिंतीतलं भोक तसंच, विटेच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. मुकुंद बदलीच्या गावी परतला होता. अक्का एकट्याच होत्या. त्यांनी मला बस म्हटलं, आत गेल्या आणि नळकांडी घेऊन आल्या. झाकण काढून उलटी केली. एकच गुंडाळी पडली.

"बाकीचे सगळे धुतले," त्या म्हणाल्या. "रुमाल वाटून टाकले, दहाव्याला आले त्यांना. हा धुता येईना. सही नाही ह्याच्यावर."

मी गुंडाळी उलगडली. कापड इतकं कडक होतं की सोडलं की परत मिटायचं. अण्णांची सही पेन्सिलीची, म्हणून थोडी पुसट झालेली. मी खिशातलं पेन काढलं.

"द्या अक्का. करतो आता."

अक्कांनी कापडावर तळहात ठेवला. त्यात राग नव्हता. स्वयंपाकघरात एखाद्याने चुकीच्या डब्याला हात लावावा आणि बाईने त्याला थांबवावं, तेवढंच.

"आता नको. दोघं जिवंत लागतात."

मी पेन परत ठेवलं. आत कॉफीच्या डब्याचं झाकण वाजलं. त्या दोन पेले घेऊन आल्या, एक मला दिला, एक स्वतः घेऊन समोर बसल्या.

"उजवीकडचं ते कलम त्यांनी एकट्यानं पाळलं बघ," त्या म्हणाल्या. "रोज दोन पेले करायला लावायचे. तुझा इथं, ह्या कठड्यावर ठेवायचा. निवला की म्हणायचे, आज काय येत नाही वाटतं. आणि तोही पिऊन टाकायचे. डॉक्टर रागवायचा, दोनदोन पेले कशाला म्हणून."

ती खिंड द्यायला नको होती, असं मला अजून वाटतं. अण्णांनी ते मत माझ्याकडून मागितलंच नव्हतं. पत्रकातलं बाकीचं सगळं त्यांनी मला ठेवू दिलं होतं आणि ते मी ठेवतो. ते एक वाक्य मात्र आज इथे, या छापलेल्या पानावर, मी मागे घेतो. अक्कांकडच्या प्रतीवर चिठ्ठीही चिकटवून आलो. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, बरं म्हणाल्या आणि पत्रक परत कॉफीच्या डब्यात, मुकुंदच्या कार्डाशेजारी ठेवलं.

तहाचं कापड त्यांनी मला दिलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी ते कधीतरी उघडतो, दोन्ही कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवून सपाट करतो आणि वाचतो. पुस्तकं उचलली की ते आपोआप गुंडाळून जातं. अजून कडक आहे.